बेशरमाची झाडं आणि महिला मेळावा

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत माझी मोठी माय मेंबर झाली, तेव्हा ती चुलीपुढे बसून पंचायतीच्याच माणसांसाठी भजी तळत होती. तिला मेंबर करायचं की नाही, याची चर्चा बाहेर सपरीवर, म्हणजे ओसरीवर, चालू होती. आत येऊन तिला विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. भजी मात्र दोनदा मागवली गेली.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा मी लहान असतानाच वारले. मूलबाळ नव्हतं. धानाची शेती एकत्र होती, घर एकत्र होतं, आणि त्या एकत्र घरातलं सगळं एकत्र ठेवायचं काम मोठ्या मायकडे होतं. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचं गाव सानगडीच्या बाजाराला धरून असलेलं, आणि गावात एस.टी. यायची ती ड्रायव्हरच्या मर्जीनं.

कायद्यात कुठंतरी लिहिलं होतं की पंचायतीत बाई पाहिजे. निवडून आलेल्यांत बाई नव्हती, कारण कोणी उभीच केली नव्हती. तेव्हा आता एखादी आणून बसवणं आलं. बसवणंही नाही, नुसतं दाखवणं. सपरीवर सरपंच, माझे वडील आणि आणखी दोन मेंबर बसून गावातल्या बाया एकेक करून तपासत होते. एकीचा नवरा फार बोलतो, तो येऊन बसेल. दुसरीचा पोरगा दारू पितो, तोही येऊन बसेल. तिसरी स्वतःच बोलते, म्हणजे तर प्रश्नच मिटला. शेवटी सरपंच वडिलांना म्हणाले, "तुमच्या वहिनीले काहून नाही घेत? नवरा नाही, पोरगा नाही, अन् बोलतबी नाही."

इतके गुण एका बाईत मिळणं कठीण. वडिलांना अभिमान वाटला. रात्री ताट वाढताना त्यांनी मोठ्या मायला सांगितलं, "वहिनी, तुम्हाले मेंबर केलं."

"त्यात काय करा लागते?"

"काहीच नाही."

"मंग होईल माह्याच्यानं," ती म्हणाली आणि वरण वाढायला वळली.

मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते. होस्टेलवर आम्ही काही मुली रविवारी एका खोलीत जमून स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलायचो. एक प्राध्यापिका आम्हाला पुस्तकं द्यायच्या. ती वाचून आम्ही लग्नसंस्था मोडीत काढली होती आणि स्वयंपाकघर हा तुरुंग आहे असं एकमतानं ठरवलं होतं. मग मेसची घंटा व्हायची, आम्ही खाली जायचो, आणि पोळ्या जाड झाल्या म्हणून स्वयंपाकीणबाईंना बोल लावायचो. तुरुंगात दुसरंच कोणीतरी असल्यामुळे आमची चर्चा फार मोकळी होत असे.

सुट्टीत घरी आले की हे सगळं ज्ञान मी सपरीवर मांडायची. दुपारची कामं आटोपली की तिथं मोठी माय, माझी आई आणि ढिवर मोहल्ल्यातली एक बाई बसायच्या. ही बाई टोपलीत मच्छी घेऊन घरोघर फिरायची आणि आमच्याकडे शेवटी यायची, कारण इथं बसायला मिळायचं. गावातल्या प्रत्येक घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही हे तिला ठाऊक असे.

"मोठी माय, तुला कधी वाटत नाही का, आपलं मत कोणी विचारावं?" मी एकदा विचारलं.

"कशाचं मत?"

"कशाचंही."

तिनं जरा विचार केला. "भाजीत मीठ बरोबर आहे का, हे सारे मलेच विचारते."

"आम्हालेबी विचारते," मच्छीवाली म्हणाली, "मच्छी ताजी आहे का म्हणून. मी हो म्हटलं का मंग उलटीपालटी करून पायते."

आई हसली. मग मच्छीवालीच बोलत राहिली. तलावातली मच्छी नवरा धरतो, विकते ती. पण मच्छीमारांच्या सोसायटीत मेंबर फक्त पुरुष. तिनं एकदा विचारलं होतं, तर सांगण्यात आलं की बाईनं जाळं टाकल्यावर बघू. "अन् यायनं टोपली उचलल्यावर?" ती म्हणाली. मला माझ्या पुस्तकातला एक चांगला शब्द आठवला, तो मी वापरला. कोणालाच कळला नाही. मी समजावून सांगितला, तेव्हा मोठी माय म्हणाली, "होय न. थे तं हिनं आताच सांगतलं."

पुढच्या वर्षी सरकारनं जाहीर केलं की हे वर्ष बायकांचं आहे. उरलेली कोणाची, हे कोणी विचारलं नाही. तालुक्यातून निरोप आले की गावोगाव महिला मेळावे घ्या. आमचे सरपंच उत्साही. त्यांनी आमच्याच गावी मोठा मेळावा मागून घेतला. अध्यक्षस्थानी भंडाऱ्याच्या एक अधिकारी बाई येणार, जीपनं येणार आणि तलावाच्या पाळीवरून येणार. तर त्या पाळीवरून गाव कसं दिसतं ते पाहायला सरपंच स्वतः जाऊन उभे राहिले, आणि त्यांना बेशरमाची झाडं दिसली.

आमच्या भागात बेशरम सगळीकडे उगवतो. लांब कांड्या, रुंद पानं, फिकट जांभळी फुलं. ढोरं खात नाहीत, पाणी घालावं लागत नाही, कापला तरी फुटतो. तलावाच्या मागच्या अंगाला त्याचं दाट रान माजलं होतं, आणि गावातल्या झाडून साऱ्या बाया उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर डबा घेऊन तिथंच जायच्या. दिवसा कोणाला जावंसं वाटलं तर तिनं वाटू द्यायचं नाही, असा रिवाज होता. गावभरच्या बायकांची अब्रू ज्या झाडांनी राखली, त्यांचं नाव बेशरम. ते कोणी ठेवलं मला माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला आडोशाची गरज पडत नसावी.

ती झाडं एका दुपारी कापून जाळली गेली. मेळाव्याला पाहुण्यांना तलाव कसा स्वच्छ दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या अंगणात बाया जमल्या. मी सुट्टीवर आलेली होते. मच्छीवाली पुढे होती आणि पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर टोपली नव्हती.

"बाई, बेशरम कापाचा ठराव तुमच्यासमोर झाला म्हणते," ती मोठ्या मायला म्हणाली.

"कोणता ठराव?"

"पंचायतीचा. सरपंच म्हणते, सारे मेंबर होते, एकमतानं पास झाला. तुम्ही तठी होत्या तं बोलल्या काहून नाही?"

मोठ्या मायनं घराकडे वळून वडिलांना हाक मारली. "भाऊजी, मी मीटिंगात होती का?"

वडील दात घासत बाहेर आले होते. एवढ्या बाया पाहून ते दारातच थांबले. "कागदावर होत्या," ते म्हणाले.

"मंग त्या दिवशी इथं स्वयंपाक कोणं केला?"

वडिलांनी चूळ भरायला वेळ घेतला. नेहमीची पद्धत त्यांनी सांगितली. मीटिंग झाली की कोतवाल घरी येतो, मोठी माय सही करते, मेंबर म्हणून तिचं काम पार पडतं. ती सही ती गेलं वर्षभर करत होती. कंट्रोलच्या साखरेसाठी लागत असेल, अशी तिची समजूत होती.

"पुढची मीटिंग कधी आहे?"

"तुम्हाले यायची गरज नाही, वहिनी. कोतवाल येतेच न."

"मी येते," मोठी माय म्हणाली. "तठी मी काय काय बोलते, थे ऐकाचं आहे मले."

मीटिंगला तिच्यासोबत मी गेले, कारण बाईनं एकटीनं पंचायतीत जाणं बरं दिसलं नसतं. आम्ही आत शिरलो तशी सगळ्यांनी बिड्या विझवल्या. एकानं खुर्ची पुसली. सरपंच भिंतीकडे पाहून म्हणाले, "यायनं कायले तरास घेतला?"

भिंतीकडे पाहायचं कारण होतं. गावनात्यानं सरपंच मोठ्या मायला जेठ, म्हणजे मोठा दीर, लागत. जेठाशी धाकट्या भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही. इतकी वर्षं एका गावात राहून ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. आता ती एकाच पंचायतीत होती आणि एकमतानं ठराव पास करत होती. यावर तोड म्हणून मोठ्या मायनं वडिलांना मध्ये घेतलं.

"भाऊजी, त्याईले विचारा, बाया आता कोठी जातीन?"

वडिलांचे कान लाल झाले. ते सरपंचांना म्हणाले, "वहिनी विचारतात, गावातल्या स्वच्छतेचं काय?"

"स्वच्छतेचं नाही विचारलं मी."

"म्हणजे, महिलांच्या त्या विषयाचं."

"कोणत्या विषयाचं?" एक मेंबर म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. तो शेतावर जायचा, धुऱ्याच्या बांधावर बसायचा, त्याला विषय असा नव्हताच.

खोलीत बसलेल्या एकाही माणसाला तो शब्द बाईसमोर उच्चारता येईना. ठराव त्यांनी बायांच्या नावानं केला होता, झाडं बायांच्या मेळाव्यासाठी कापली होती, पण बाया झाडांत कशाला जात हे बोलणं त्यांच्या मर्यादेत बसत नव्हतं. मर्यादा फार मोठी गोष्ट आहे. शेवटी मोठ्या मायनंच साध्या, घरातल्या शब्दांत ते सांगितलं. सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. मीही पाहिलं, कारण नागपूरच्या आमच्या खोलीत इतक्या चर्चा झाल्या होत्या, पण हा शब्द काही आला नव्हता.

सरपंच भिंतीला म्हणाले, "त्याईले सांगा, मेळावा होऊ द्या. मंग पाहू."

वडील मोठ्या मायला म्हणाले, "मेळावा झाल्यावर पाहू म्हणतात."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

मीटिंग तिथंच संपली. चहासुद्धा आला नाही. आम्ही घरी निघालो, तर मागून सगळे मेंबर पानठेल्याकडे जाताना दिसले. खरी मीटिंग तिथं भरली आणि उरलेले ठराव तिथं झाले. मोठ्या मायनं मान वळवून पाहिलं. "तठी जाऊ का?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "नको." पानठेल्यावर उभी राहणारी बाई म्हणजे काय, हे पुस्तकं वाचूनही मला गावानं आधीच शिकवून ठेवलेलं होतं.

त्या दरम्यान बाया तलाव ओलांडून पार नाल्याकडे जात होत्या. चिखल, काटे, आणि तिकडून धानाच्या बांध्यांवर येणारे-जाणारे गडी. म्हाताऱ्या बायांनी रात्रीचं जेवण सोडलं. गरोदर बायांचं काय, ते त्यांनाच ठाऊक. माझी आई दुपारनंतर पाणी प्यायची नाही. सरपंच मेळाव्याच्या तयारीत होते.

मेळावा शाळेच्या मैदानात झाला. बायांना सकाळीच आणून दऱ्यांवर बसवलं, म्हणजे पाहुण्या आल्यावर गर्दी दिसावी. जीप आली दुपारी. स्टेजवर पाच पुरुष आणि अधिकारी बाई. टोकाच्या खुर्चीवर सरपंचांची बायको, कारण एकच बाई बरी दिसत नव्हती. स्टेजच्या मागे रंगीत कनात बांधलेली. मला कॉलेजातली मुलगी म्हणून हार-तुऱ्यांचं तबक धरायला उभं केलं होतं. सुशिक्षित मुलीचा उपयोग करून घ्यायला गाव मागे नव्हतं.

भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्यानं सांगितलं की स्त्री ही देवी आहे. दुसऱ्यानं सांगितलं की स्त्री आणि पुरुष ही संसाररथाची दोन चाकं आहेत. तिसऱ्यानंही तेच सांगितलं. रथात बसतं कोण, ते कोणी सांगितलं नाही. समोर उन्हात बाया पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या आणि आपण देवी आहोत हे निमूटपणे ऐकत होत्या.

मग गुरुजींनी माइकवर जाहीर केलं, "आता आपल्या गावच्या महिला प्रतिनिधींचा सत्कार, हळदीकुंकू लावून आणि ओटी भरून, माननीय पाहुण्यांच्या हस्ते होईल." मोठी माय खाली दरीवर बसली होती. ती अर्धवट उठली. तेवढ्यात सरपंच गुरुजींच्या कानाशी लागले. गुरुजी परत माइकवर आले. "त्यांच्या वतीनं हा सत्कार सरपंचसाहेबांच्या सौभाग्यवती स्वीकारतील."

मोठी माय खाली बसली.

"मेंबर कोण आहेत?" अधिकारी बाईंनी विचारलं. गुरुजींनी खाली बोट दाखवलं. "मग त्यांनाच बोलवा की."

"त्या तशा आहेत," गुरुजी म्हणाले.

"तशा म्हणजे?"

विधवा हा शब्दही माइकजवळ बोलता येण्यासारखा नसावा. गुरुजी नुसते हसले. सगळ्या गावाची प्रतिनिधी म्हणून एक बाई निवडली होती ती नवरा नाही म्हणून, आणि आता तिची प्रतिनिधी म्हणून दुसरी उभी केली होती ती नवरा आहे म्हणून. सरपंचांच्या बायकोनं ओटी घेतली. खाली मान घालून घेतली, आणि खुर्चीवर बसल्यावर ते नारळ कुठं ठेवावं हे तिला कळेना.

चौथं भाषण चालू असताना अधिकारी बाईंनी मला खुणेनं बोलावलं. हळूच म्हणाल्या, "इथं बाथरूम कुठं आहे?"

मी तबक खाली ठेवलं. शाळेत मुलांसाठी एक भिंत होती. मुलींसाठी शाळा सुटण्याची घंटा होती. मी सरपंचांच्या बायकोजवळ गेले आणि विचारलं, "काकू, तुमच्या घरी सोय आहे न? पाहुण्यांना जायचं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरी कोठी? मीबी तं तठीच जात होती," ती म्हणाली. "आता रोज जावेले घेऊन नाल्यावर जाते."

सरपंचांनी आपल्या बायकोचीही झाडं कापली होती. घरात दोन रेडिओ होते, दारात मोटारसायकल होती. बायको सकाळी कुठं जाते, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

मी खाली जाऊन मोठ्या मायला सांगितलं. ती उठली. मच्छीवालीही उठली. दोघी स्टेजच्या मागे मंडपवाल्याकडे गेल्या.

"ही कनात सोड," मोठी माय म्हणाली.

"सरपंचायनं सांगतलं तं सोडतो."

"मी पंचायतीची मेंबर आहे. सोड."

गेल्या वर्ष-सव्वा वर्षात तिनं ते पद पहिल्यांदा वापरलं. मंडपवाल्यानं एकदा तिच्याकडे, एकदा मच्छीवालीकडे पाहिलं आणि गाठी सोडायला लागला. पुढे वक्ता बोलतच होता. त्याच्या मागची रंगीत भिंत हळूहळू खाली आली आणि त्याच्या पाठीमागे शाळेचं कौलारू छप्पर आणि एक बकरी दिसू लागली.

कनात शाळेच्या मागच्या कोपऱ्यात नेली. चौघींनी चार टोकं धरली. अधिकारी बाई आत गेल्या आणि बाहेर आल्या. मच्छीवालीनं त्यांना कापलेल्या झाडांचं सारं सांगितलं. कनात उभी होतीच, तर मग ती आपल्या मागच्या बाईला म्हणाली, "तूबी जाऊन ये." मग ती गेली. मग तिच्या मागची. सकाळपासून बसलेल्या बाया एकेक करून दरीवरून उठल्या आणि शाळेमागे रांग लागली. थोड्या वेळानं मैदान रिकामं झालं. वक्ता स्त्रीच्या सहनशीलतेवर आला होता. समोर दऱ्या, पुरुषांच्या दोन ओळी आणि झोपलेली लेकरं एवढंच उरलं होतं. मेळाव्यात बायांनी स्वतः ठरवलेला तेवढा एकच कार्यक्रम, आणि त्याला हजेरी पूर्ण होती. सरपंचांची बायकोही स्टेजवरून उतरून रांगेत उभी राहिली, नारळ हातात घेऊन.

सगळ्या परत येऊन बसल्यावर अधिकारी बाई बोलायला उठल्या. त्यांनी विचारलं, "बायका जिथं जायच्या तिथली झाडं कोणी तोडली?"

सरपंच उभे राहिले. "पंचायतीचा ठराव होता, मॅडम. एकमतानं झाला."

मोठी माय खाली उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तोंड सरपंचांकडे नव्हतं. या वेळी वडिलांना मध्ये घेतलं नाही. "एकमत असन," ती म्हणाली, "पण मी त्यात नव्हती. मी घरी होती."

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. एक लेकरू रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला घेतलं. अधिकारी बाईंनी भाषण थोडक्यात आटोपलं आणि जीप गेली. घरी आल्यावर वडील दोन दिवस मोठ्या मायशी बोलले नाहीत. तिला ते उशिरा लक्षात आलं, कारण एरवीही ते फारसं बोलत नसत.

पुढे वरून आदेश आला आणि गावात महिलांसाठी संडास बांधले गेले. चांगले पक्के, पांढरे. ते कुठं बांधावे हे पुरुषांनीच ठरवलं, म्हणून ते चौकात, पानठेल्याच्या शेजारी उभे राहिले. येणाऱ्या साहेबांना रस्त्यावरूनच काम दिसावं हा हेतू होता. हातात डबा घेऊन पानठेल्यावरच्या साऱ्या गावासमोरून त्या दारात शिरेल अशी बाई गावात नव्हती. चार महिन्यांत त्यांना कुलूप लागलं. आत पंचायतीचा भोंगा आणि ब्लीचिंग पावडरची पोती राहू लागली. दरवर्षी रंग मात्र दिला जाई. मधल्या पावसाळ्यात बेशरम आपला आपण परत फुटला आणि बाया परत तिकडे जाऊ लागल्या.

मोठ्या मायची मुदत संपली, तेव्हा तिला परत घेतलं नाही. "आता थे बोलते," हे कारण सपरीवरच सांगण्यात आलं, तिच्या हातचा चहा पीत. तेव्हा ती निवडणुकीला उभी राहिली. वडिलांनी विरोध केला, आईनं उपास धरला, सरपंचांनी गावभर सांगितलं की म्हातारपणी बाईचं डोकं फिरलं. ती पडली. ढिवर मोहल्ला तिच्या बाजूनं गेला, आमच्याच आळीनं तिला पाडलं. निकालाच्या दिवशी मी साकोलीहून आले होते, तिथं मला शाळेत नोकरी लागली होती. मला वाटलं, समजूत घालावी लागेल. ती खुराड्यात कोंबड्या घालत होती. "पडली तं पडली," ती म्हणाली. "आपल्याच लोकायनं पाडलं, थे लागलं मनाले." त्यानंतर त्यावर ती बोलली नाही, पण आळीतल्या लग्नाला मात्र दोन वर्षं गेली नाही.

त्या वर्षीचे आपल्या वाट्याचं धान विकून तिनं आमच्या परसात, गोठ्याच्या पलीकडे संडास बांधला. वडील म्हणाले, "घराच्या आवारात घाण? लोक काय म्हणतीन?" आई म्हणाली, देवघर पन्नास पावलांवर आहे. मोठ्या मायनं गवंडी लावला. तयार झाल्यावर सर्वांत जास्त वेळ त्यात वडीलच बसू लागले, वर्तमानपत्र घेऊन. लोकांनी काय म्हणावं याची चिंता त्यांना आत गेल्यावर वाटत नसे.

पहिल्यांदा मच्छीवाली आली, तिच्या बाळंतीण सुनेला घेऊन. मोठ्या मायनं मागच्या फाटकाची कडी काढून ठेवली. मग ढिवर मोहल्ल्यातल्या आणखी बाया आल्या, मग शेजारच्या, आणि काही दिवसांनी, अंधार पडल्यावर, पदर तोंडावर ओढून सरपंचांची बायको. वडिलांना आपल्याच परसात थांबायची पाळी आली. आत कोण आहे हे विचारता येत नव्हतं, म्हणून ते गोठ्याजवळ उभे राहून खोकत. आतली बाई घाई करत नसे.

मोठी माय काही सुधारक नव्हती, हेही सांगायला पाहिजे. गावाच्या टोकाला असलेल्या बौद्ध टोलीतल्या बाया आल्या तेव्हा तिनं कडी काढली खरी, पण दुसऱ्या दिवशी परस शेणानं सारवून घेतलं. मी त्यावर तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "तू पुस्तकातून बोलून राहिली." पुस्तकातून का होईना, बोलले. आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींशी तुटक वागलो.

तो प्रश्न सोडवला तो माझ्या भांडणानं नाही. टोलीतली एक तरुण बाई होती, सातवीपर्यंत शिकलेली, घरी विड्या वळायची. एके दुपारी सपरीवर आमच्या गप्पा चालल्या असताना ती फाटकातून आली, आणि परत जाताना सपरीच्या पायरीशी थांबली. मोठ्या मायकडे पाहून शांतपणे म्हणाली, "बाई, मागच्या फाटकातून येऊ देता. अठी बसू काहून नाही देत?"

मच्छीवाली तोंडातलं पान चघळायची थांबली. आई उठून आत निघून गेली. मोठ्या मायला ते आवडलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं आपल्याखालची चटई थोडी ओढली.

"बस," ती म्हणाली.

ती बसली. त्या दुपारी बोलणं काही रंगलं नाही. चहा कोणत्या कपात द्यायचा, हा विचार स्वयंपाकघरात एकटी आई करत राहिली, आणि शेवटी चहा आलाच नाही. पण ती बाई दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशी विड्यांचं सूप घेऊनच आली. ती वर्तमानपत्र वाचायची. हुंड्यासाठी जाळलेल्या सुनांच्या बातम्या ती वाचून दाखवी आणि त्यावर मच्छीवाली आपल्या माहितीतल्या, वर्तमानपत्रात न आलेल्या सुना सांगे. मोठी माय मध्येच विचारी, "पोलिसात कोण गेलं?" आणि बहुतेक वेळा कोणी गेलेलं नसे. मग का नाही गेलं, यावर संध्याकाळ व्हायची.

आई आठ-दहा दिवस आतच बसली. मग एका दुपारी तिनं तांदळाचं सूप उचललं, बाहेर आली आणि खांबाला टेकून निवडायला बसली. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. तिनं आपणहूनच सांगितलं, "आत काही ऐकू येत नाही."